उंची वाढते ती झोपेत

मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी वाढीचे संप्रेरक सोडते. त्यातला मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत स्रवतो; दहावीच्या नावाखाली मुलांची झोप कापणाऱ्या पालकांनी हे वाचावेच. मुलींची उंची साधारण 11-12व्या वर्षी, मुलग्यांची 13-14व्या वर्षी सर्वांत झपाट्याने वाढते. हाडांच्या टोकांजवळची वाढपट्टी एकदा मिटली, की कोणतीही पावडर कामाची नाही. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, त्यामुळे महागड्या डब्यांआधी भाकरी, डाळ, अंडी, दूध. फुटबॉलपटू लिओनेल मेस्सीला लहानपणी वाढीच्या संप्रेरकाची इंजेक्शने दिली गेली, ती संप्रेरकाची कमतरता निदानात आढळली म्हणून. वयात येण्याआधी शाळकरी मूल वर्षाला 4 सेंटिमीटरही वाढत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.