रंग उतरतो, मीठ उतरत नाही

बुलढाणा जिल्ह्यातल्या धामणगाव बढेच्या शिवारातला कापूस जिनिंगमध्ये जातो, गाठी सूतगिरणीकडे रवाना होतात, सुताचं कापड विणलं जातं. इथवर पाण्याला फारसा धक्का लागत नाही. कापड प्रोसेस हाउसमध्ये पोचलं की मात्र गणित बदलतं. किलोभर कापड धुऊन, ब्लीच करून, रंगवून काढायला साधारण 100 लिटर पाणी खर्ची पडतं.

सुती कापडाला बहुतेक ठिकाणी रिअॅक्टिव्ह रंग वापरतात. पाण्यात धागा आणि रंग या दोघांवरही ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत. हे वैर मोडायला हौदात मीठ ओततात. गडद छटेसाठी लिटरमागे 60 ते 80 ग्रॅम, म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या जवळपास दुप्पट खारट! मग सोडा घातला की रंग धाग्याला कायमचा जोडला जातो. काही रंग मात्र धाग्याऐवजी पाण्याशीच संयोग पावतो आणि कापडावर बसत नाही. तो गटारात जातो. मीठ तर सगळंच जातं.

रंगावर इलाज आहेत. यातले पुष्कळ रंग अॅझो जातीचे, म्हणजे नायट्रोजनच्या दोन अणूंमधल्या दुहेरी बंधावर त्यांची रंगछटा अवलंबून. ऑक्सिजन नसलेल्या टाकीत जिवाणू हा बंध तोडतात आणि पाणी फिकं पडतं. तिथेच थांबलं तर घात होतो, कारण उरलेल्या तुकड्यांपैकी काही अमाइन्स कर्करोगाला कारण ठरू शकतात. ती मोडायला पुढे हवा खेळवलेली टाकी लागतेच. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. संजय गोविंदवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झेंडू, गॅलार्डिया, पाणकणीस अशा वनस्पतींवर काम केलं. कापड कारखान्यांचं सांडपाणी सरींत सोडून त्यांनी ही झाडं लावली. मुळांतली लॅकेजसारखी विकरं रंगाचे रेणू फोडतात. इचलकरंजीसारख्या यंत्रमागांच्या गावालगतच हे संशोधन व्हावं, याचं मला फार मोल वाटतं.

पण झेंडू मीठ खात नाही, जिवाणूही खात नाहीत. पाणी नितळ दिसतं आणि सोडियम तसाच पुढे वाहतो. सोडियम म्हणजे काय, हे बुलढाणा जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. शेगाव, संग्रामपूरकडचा खारपाणपट्टा निसर्गतःच खारट आहे. सोडियम वाढला की काळ्या मातीतल्या चिकणकणांची कॅल्शियमने बांधलेली मोट सुटते, सुटे कण छिद्रं बुजवतात आणि पाणी मुरेनासं होतं. ओली असताना चिखल, वाळली की दगड.

तमिळनाडूत तिरुपूरच्या रंगाईगृहांच्या पाण्याने नोय्यल नदी आणि ओरतुपालयम धरण नासलं. अखेर जानेवारी 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ती रंगाईगृहं बंद करायला लावली. नंतर तिथे एक थेंबही बाहेर न सोडण्याची पद्धत रुजली: रिव्हर्स ऑस्मोसिसने गोडं पाणी वेगळं काढायचं, उरलेलं खारं पाणी आटवायचं किंवा ते मिठासह पुन्हा रंगाच्या हौदात वापरायचं. यात वीज बरीच जाते, खर्च जबर येतो.

सप्टेंबर 2024 मध्ये अमरावतीच्या पीएम मित्रा वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी झाली. विदर्भाच्या कापसाला दाराशी गिऱ्हाईक मिळेल, ते मिळायलाच हवं. पूर्णा नदी अमरावती जिल्ह्यातून अकोल्याकडे आणि तिथून बुलढाण्यात येते. तिच्या खोऱ्यात रंगाईचे हौद उभे राहणार असतील, तर मीठ परत मिळवण्याची यंत्रणा पहिल्या हौदाआधी बसली पाहिजे.