एकाच खातेदाराच्या अनेक नोंदी व त्यांचा मेळ

जमिनीचा कागद चोख असावा, ही शिकवण शेतकऱ्यास नवी नाहीं. परंतु पूर्वीं तो कागद तलाठ्याच्या दप्तरांत एकटाच असे. आज तो इतर अनेक नोंदींशीं संगणकानें जोडला गेला आहे. सातबारा व आठ-अ महसूल खात्याकडे, मोजणीचा आकारबंद भूमि-अभिलेख खात्याकडे, आधारची नोंद तिसरीकडे व पैशाचें खातें बँकेंत, असा हा पसारा आहे. २०१९ सालीं सुरू झालेल्या पी. एम. किसान योजनेचे वार्षिक ६,००० रुपये तीन हप्त्यांनीं मिळतात. पण जमीन, आधार व बँक ह्यांच्या नोंदी जुळल्या तरच. त्या न जुळल्यास हप्ता अडतो, आणि चूक कोठें आहे हें खातेदारास उमगत नाहीं. म्हणून ह्या विसंगतीचीं कारणें व उपाय येथें देत आहों.

पहिलें कारण नांवाचें. समजा, सातबाऱ्यावर ‘पांडू सखा’, आधारवर ‘पांडुरंग सखाराम’ व बँकेंत नुसतीं आद्याक्षरें आहेत. हे तिघे एकच, हें गांवांतील पोरही सांगेल. परंतु संगणक माणूस ओळखीत नाहीं, तो अक्षरें ताडून पाहतो. अक्षर निराळें तर त्याच्या लेखीं माणूस निराळा.

दुसरें कारण मापाचें. दीड एकर म्हणजे १ एकर २० गुंठे, तें १.२० असें लिहिण्याची अनेकांस संवय आहे. तोच आकडा हेक्टरच्या रकान्यांत पडला तर दीड एकराचे जवळजवळ तीन एकर होतात! खरें क्षेत्र सुमारें ०.६१ हेक्टर आहे.

तिसरें कारण काळाचें. वडील वारले, मुलगा जमीन कसूं लागला, पण वारसनोंद राहून गेली. जमीन मृताच्या नांवें व आधार जिवंताचें. मग मेळ बसावा कसा?

आतां उपाय. प्रत्येक गोष्टीची मूळ नोंद एकच असते व बाकीच्या तिच्या नकला असतात, हें तत्त्व ध्यानांत धरावें. मालकी हक्काची नोंद गांव नमुना सातमध्यें व त्यामागें फेरफारांत. पिकाची नमुना बारामध्यें. मोजलेल्या क्षेत्राची आकारबंदांत. आणि ओळखीची आधारमध्यें. आठ-अ हा सातवरूनच तयार होतो. चूक मूळ नोंदींत असतां केवळ नक्कल सुधारणें व्यर्थ होय. कारण पुढील वेळीं मुळांतून तीच चूक पुन्हां खालीं उतरते. पाट फुटला असतां वाफ्यांतील पाणी उपसून काय उपयोग?

म्हणून प्रथम सर्व उतारे शेजारीं शेजारीं मांडून नांव, गट क्रमांक, क्षेत्र व खाते क्रमांक ताडावे. नंतर जुना फेरफार, खरेदीखत व हस्तलिखित सातबारा ह्यांवरून मूळ चूक कोठें शिरली तें शोधावें. लेखनिकाच्या हातची चूक असल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम १५५ अन्वयें तहसीलदाराकडे अर्ज करावा. वारसाहक्काची वर्दी कलम १४९ प्रमाणें तीन महिन्यांच्या आंत द्यावयाची असते. ती राहिली असल्यास विनाविलंब द्यावी. मात्र खरोखर मालकीचाच वाद असेल, तर तो कलम १५५ खालीं मिटत नाहीं. त्याचा निर्णय दिवाणी न्यायालयांतच होतो. आधार किंवा बँकेंतील चूक त्या त्या ठिकाणींच दुरुस्त करावी, आणि मूळ सुधारल्यावरच योजनेच्या नोंदीकडे वळावें.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. हप्ता लवकर मिळावा म्हणून सातबाऱ्यावरील चुकीच्या नांवाशीं जुळेल असें आधारवरील खरें नांव बदलून घेण्याचा मोह कित्येकांस होतो. त्यानें आजचें काम भागेल. परंतु मुलांचे दाखले, बँकेचें खातें व पुढील वारसनोंद अशा तीन नव्या विसंगती उभ्या राहतील.

कलम १५७ प्रमाणें हक्कनोंदींतील नोंद, तिच्या उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. चुकीच्या नोंदीसही हेंच बळ मिळतें, हें विसरूं नये. तेव्हां दरसाल खरिपापूर्वीं बीं-बियाण्यांची जुळवाजुळव करितांना आपल्या उताऱ्यांवरूनही एकदां नजर फिरवावी, अशी शेतकरीबंधूंस आमची आग्रहाची विनंति आहे.