पट्टा सैल, गाडी बेजार

बाबांनी आचारीकामासाठी घेतलेली डिझेल व्हॅन आता २६ वर्षांची झाली. बाबा गेले, पण घरात ती अजून ‘बाबांची गाडी’च आहे. यंदा ऐन लग्नसराईत तिने अंग टाकले.

भांडी भरून खानापूरहून जांबोटीकडे निघालो होतो. चढावर इंजिन तापले, दिवे मंदावले. पुढच्या उतारावर ब्रेक दाबला, तर पेडल दगडासारखे घट्ट! शेजारी आई बसलेली. सगळा जोर लावला तेव्हा कुठे गाडी थांबली.

एका गॅरेजने रेडिएटर, अल्टरनेटर, बॅटरी, ब्रेक बूस्टर अशी लांबलचक यादी दिली. “त्यापेक्षा भंगारात घाल,” भाऊ म्हणाला. आई गप्प राहिली. ते पाहवेना, म्हणून बाबांच्या जुन्या मेस्त्रींना गाठले.

त्यांनी बॉनेट उघडले, इंजिन बंद ठेवून पट्ट्यावर अंगठा दाबला. तो दोन बोटे आत गेला. “सडिल आगैत्री,” मेस्त्री म्हणाले. कन्नड शाळेत जाणारा माझा मुलगा लगेच म्हणाला, “पप्पा, पट्टा सैल झालाय!”

पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर त्याच पट्ट्यावर फिरतात. पट्टा घसरला की पाणी खेळत नाही, बॅटरी भरत नाही. डिझेल इंजिनात ब्रेकला मदत करणारा व्हॅक्युमही आयता मिळत नाही. त्याचा पंप आमच्या गाडीत अल्टरनेटरच्याच पाठीला आहे. तीन दुखणी, मूळ एक!

नवा पट्टा बसवला, बॅटरी चार्ज केली. सकाळी सुरू व्हायला गाडी कुरकुरायची, ते दुखणे मात्र वेगळे निघाले. डिझेलची रबरी नळी चिरून हवा शिरत होती. नळी बदलली, फिल्टरवरचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारला.

शेवटी ब्रेकची परीक्षा. इंजिन बंद ठेवून पेडल घट्ट होईपर्यंत दाबायचे, पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करायचे. पेडल थोडे खाली गेले, तर मदत मिळते आहे. आमचे गेले! तरीही मेस्त्रींनी बजावले, “अण्णा, पेडल पुन्हा घट्ट लागलं, तर गाडी जागची हलवायची नाही.”

यादीतली एकही वस्तू बदलावी लागली नाही. आता दर रविवारी इंजिन थंड असताना मुलगा पट्ट्यावर अंगठा दाबतो. जेमतेम १ सेंटिमीटर दबला, की आजीला ओरडून सांगतो, “सडिल इल्ल!”