तयार सांगाडा आणि आपलं अॅप्लिकेशन

प्रोजेक्टचा विषय ठरला, ग्रुप ठरला, की पुढचा प्रश्न असतो, सुरुवात कुठून करायची? बहुतेक जण काय करतात? इंटरनेटवरून एखादा 'स्टार्टर टेम्प्लेट' उतरवून घेतात, त्याचं नाव बदलतात आणि कामाला लागतात. यात गैर काहीच नाही. दिवाळीत आपणही विकतची भाजणी आणून चकल्या करतोच की! फक्त पुड्यात काय काय आहे ते माहीत असावं, म्हणजे चकली तेलात विरघळली तर कारण सापडतं. पायथनमधल्या 'फ्लास्क' या छोट्या फ्रेमवर्कचं उदाहरण घेऊन हेच समजून घेऊ.

फ्लास्कचा जन्म गमतीतून झाला. आर्मिन रोनाखर या ऑस्ट्रियन प्रोग्रॅमरने १ एप्रिल २०१० रोजी 'एप्रिल फूल' म्हणून एका फाइलमध्ये मावणारं फ्रेमवर्क जाहीर केलं. लोकांना ते खरंच आवडलं, आणि त्याच महिन्यात त्याने फ्लास्कची पहिली आवृत्ती काढली. फ्लास्कला 'मायक्रो' म्हणतात, कारण तो मोजकंच काम करतो. कुठला पत्ता आला की कुठलं फंक्शन चालवायचं हे तो ठरवतो, त्याला 'वेर्कझॉइग' ही लायब्ररी मदत करते. एचटीएमएल पान तयार करायचं काम 'जिंजा' करते. डेटाबेस, लॉगिन, फॉर्म तपासणं हे सगळं आपण निवडून जोडायचं.

पाच-सहा ओळींत पहिलं पान दिसतं, म्हणून फ्लास्क सगळ्यांना आवडतो. पण खरी अडचण त्यानंतर येते. 'जँगो' या मोठ्या फ्रेमवर्कमध्ये एक कमांड दिली की प्रोजेक्टचे फोल्डर आणि फाइली आपोआप तयार होतात. फ्लास्कमध्ये तशी कमांड नाही. फाइली कशा मांडायच्या ते तुमचं तुम्ही बघा! ही रिकामी जागा भरायला लोकांनी स्टार्टर टेम्प्लेट बनवले. फ्लास्कमध्ये एचटीएमएल पानांच्या फोल्डरलाही 'टेम्प्लेट्स' म्हणतात, म्हणून घोटाळा नको, या लेखात स्टार्टर टेम्प्लेटला 'सांगाडा' म्हणू.

समजा, आपण होस्टेलच्या मेसचा हिशेब ठेवणारं अॅप्लिकेशन करतोय. चांगल्या सांगाड्यात काय सापडेल?

पहिलं म्हणजे 'क्रिएट अॅप' नावाचं फंक्शन, यालाच अॅप्लिकेशन फॅक्टरी म्हणतात. हे कशाला? सगळं एका फाइलमध्ये असतं तेव्हा प्रश्न येत नाही. पण डेटाबेसची टेबलं वेगळ्या फाइलमध्ये नेली की मुख्य फाइलला टेबलांची फाइल लागते आणि टेबलांच्या फाइलला मुख्य फाइलमधलं डेटाबेस ऑब्जेक्ट लागतं. 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत दोघीही दारातच उभ्या! यालाच सर्क्युलर इम्पोर्ट म्हणतात. फॅक्टरीत डेटाबेस ऑब्जेक्ट वेगळ्या फाइलमध्ये आधी तयार होतं आणि अॅप बनल्यावर त्याला जोडलं जातं, म्हणून गुंता सुटतो. शिवाय टेस्टिंगसाठी दुसरा, खोटा डेटाबेस देऊन तेच अॅप बनवता येतं.

दुसरं, ब्लूप्रिंट. लॉगिन, हजेरी, बिल असे भाग वेगवेगळ्या फाइलींत ठेवून शेवटी अॅपला जोडायचे. चार जणांच्या ग्रुपमध्ये याचा फार उपयोग होतो, कारण सगळे जण एकाच फाइलमध्ये हात घालत नाहीत.

तिसरं, कॉन्फिग फाइल. चौथं, लागणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी. हे दोन भाग आपण कधी उघडून बघत नाही, आणि नेमके तेच नंतर त्रास देतात.

कॉन्फिगमध्ये 'सीक्रेट की' असते. फ्लास्कच्या मूळ व्यवस्थेत, लॉगिन केलेला माणूस कोण आहे ही माहिती सर्व्हरवर नाही, तर त्याच्याच ब्राउझरमधल्या कुकीत असते. ती लपवलेली नसते, कुणीही वाचू शकतं. फक्त तिच्यावर सीक्रेट कीने केलेली सही असते. मजकूर बदलला तर सही जुळत नाही. आता सांगाड्यात ही की 'चेंज मी' अशी लिहिलेली असली आणि आपण ती तशीच ठेवली, तर काय होईल? तो सांगाडा जगाला उघडा आहे, म्हणजे आपली कीही उघडी. कुणीही 'मी रेक्टर आहे' अशी कुकी बनवून तिच्यावर खरी सही करू शकेल. पासवर्ड कितीही कठीण असले तरी उपयोग शून्य. पायथनच्या 'सीक्रेट्स' मॉड्यूलने एका ओळीत नवीन की मिळते. ती कोडमध्ये न लिहिता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवावी.

तिथेच डीबग मोडही तपासा. तो चालू असताना एरर आली की ब्राउझरमध्येच पायथन चालवता येतं. आपल्या मशिनवर ही सोय आहे, पण सर्व्हरवर ती घराची किल्ली दारालाच अडकवून जाण्यासारखी आहे. पिन विचारला जातो, पण त्या भरवशावर राहू नये.

लायब्रऱ्यांच्या यादीची गोष्ट वेगळी आहे. फ्लास्क १.१ ला जिंजाची २.१०.१ किंवा नंतरची कुठलीही आवृत्ती चालेल, असं नमूद होतं. २०२२ मध्ये जिंजा ३.१ आली आणि तिच्यातून 'एस्केप' हे फंक्शन काढलं गेलं. ज्या सांगाड्यांत फक्त फ्लास्कची आवृत्ती पक्की होती, जिंजाची नव्हती, ते नव्याने इन्स्टॉल केल्यावर पहिल्याच इम्पोर्टला कोसळू लागले. कोडची एक ओळही कुणी बदलली नव्हती! म्हणून सांगाडा शेवटचा कधी सुधारला ते बघा, आणि आपलं अॅप चालू झाल्यावर 'पिप फ्रीझ' करून सगळ्या आवृत्त्या लिहून ठेवा.

मग निवडायचा कुठला? माझ्या मते सगळ्यात लहान. मेसच्या हिशेबाला ईमेलची रांग, डॉकर, तीन प्रकारचं लॉगिन लागत नाही. जी फाइल का आहे ते सांगता येत नाही ती काढून बघा. अॅप चाललं आणि टेस्टही पास झाल्या तर बहुधा तिची गरज नव्हती. एकदा तरी रिकाम्या फोल्डरमध्ये स्वतःचा सांगाडा उभा करा, एका संध्याकाळचं काम आहे. मग व्हायवाला एक्स्टर्नलनी कुठल्याही फाइलवर बोट ठेवून "हे काय आहे?" विचारलं, तरी ग्रुपमधल्या चौघांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघायची वेळ येणार नाही.