खाणीतल्या पाण्याचे मास्तर

१८ नोव्हेंबर १९७५ रोजी नागपूर जिल्ह्यातल्या सिल्लेवाडा कोळसा खाणीत पाणी घुसलं आणि १० कामगार गेले. ३९ दिवसांनी धनबादजवळच्या चासनाला खाणीत तेच घडलं. तिथे ३७५ जणांचा बळी गेला. त्याआधी १९५४ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातल्या न्यूटन चिखली खाणीत ६३ जण असेच दगावले होते.

हे अनुभव नव्या कामगारापर्यंत पोचवण्याचं काम खाण कंपन्यांच्या व्यावसायिक प्रशिक्षण केंद्रांकडे आहे. खाणीत सगळे त्यांना 'व्हीटीसी' म्हणतात. १९६६ च्या खाण व्यावसायिक प्रशिक्षण नियमांनुसार प्रशिक्षण पुरं केल्याशिवाय नवा माणूस कामावर घेता येत नाही, आणि जुन्यांनाही ठरावीक काळाने उजळणीसाठी परत यावं लागतं. शिकवणारे बहुतेक जण खाणीतच उमेदीची वर्षं घालवलेले असतात. कुणी ओव्हरमन, कुणी मायनिंग सरदार, म्हणजे खाणीतल्या कामावर आणि सुरक्षेवर देखरेख करणारे.

पाण्याचा पाठ ते जीव तोडून शिकवतात, कारण त्यातला प्रत्येक आकडा कुणाच्या तरी जिवावर बेतलेल्या प्रसंगातून आला आहे. पाणी साचलेल्या जुन्या खोदकामापासून ६० मीटरच्या आत आलात, तर लेखी परवानगीशिवाय एक पाऊलही पुढे नाही. परवानगी मिळाली तरी आधी बोअर मारायचं, आणि ते खोदाईच्या किमान ३ मीटर पुढे राहिलं पाहिजे. खाणीचं तोंड आजवरच्या सर्वांत मोठ्या पुराच्या पातळीपेक्षा निदान दीड मीटर उंच हवं. बोअरमधून अचानक पाणी जोरात यायला लागलं, तर काय करायचं आणि कुणाला हाक मारायची, हे अंगवळणी पडेपर्यंत घोकून घेतलं जातं.

पण हा पाठ पंपापाशी संपतो. उपसलेल्या पाण्याचं पुढे काय, हा धडा अजून पुरता रुजलेला नाही, आणि आज खरी गरज त्याचीच आहे.

उघड्या खाणीचं साधं गणित घ्या. १०० हेक्टरच्या खड्ड्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर १ लाख घनमीटर, म्हणजे १० कोटी लिटर पाणी कोसळतं. ते सगळं तळाशी गोळा झालं, तर तासाला ५०० घनमीटर उपसणारा पंप अखंड चालूनही ते काढायला २०० तास लागतील. म्हणून बाहेरचं पाणी आत येऊच नये यासाठी खड्ड्याच्या कडेने चर काढतात. खाणीत त्याला 'गारलँड ड्रेन' म्हणतात. आतलं पाणी गाळ बसवण्याच्या तळ्यातून जाऊ द्यावं लागतं. कोळसा खाणीतून नाल्यात सोडलेल्या पाण्यात लिटरमागे १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त गाळ चालत नाही, आम्लताही ५.५ ते ९ पीएचच्या दरम्यान राहावी लागते. चर मातीने बुजला की ही सगळी साखळी तुटते. तो मे महिन्यातच साफ करून घेणारा मुकादम तयार करणं, हे प्रशिक्षकाचं काम.

भंडारा जिल्ह्यात गोष्ट मँगनीजची आहे. तुमसर तालुक्यात 'मॉइल' या सरकारी मँगनीज कंपनीच्या चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या खाणी आहेत. चिखल्याला भूमिगत पोकळ्या पाण्याबरोबर वाळू सोडून भरतात. वाळू आत बसते आणि निथळलेलं पाणी पुन्हा वर उपसावं लागतं. तेच पाणी फिरवून वापरता येतं. पिण्याच्या पाण्यात मात्र मँगनीजची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम इतकी बारीक आहे. ती डोळ्यांना दिसत नाही, नमुना तपासावाच लागतो.

खाणीचं पाणी कामी येतं, याचा दाखला नागपूर जिल्ह्यातच आहे. वेस्टर्न कोलफिल्ड्स या कोळसा कंपनीने पाटणसावंगीला खाणीतलं पाणी शुद्ध करून 'कोल नीर' नावाने बाटलीबंद केलं. दक्षिण आफ्रिकेतल्या इमलाहलेनी शहराला २००७ पासून कोळसा खाणींचं शुद्ध केलेलं पाणी पुरवलं जात आहे.

मग प्रशिक्षकांना हे कोण शिकवणार? नागपुरात वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि मॉइल यांची मुख्यालयं आहेत. १९४८ मध्ये सुरू झालेला भारतीय खाण ब्युरो आहे, १९५८ ची पर्यावरण संशोधन संस्था 'नीरी' आहे, व्हीएनआयटीत खाण अभियांत्रिकीचा विभाग आहे. एवढी जाणकार मंडळी एका गावात असताना व्हीटीसीच्या मास्तरांना केवळ उजळणीच्या वह्यांवर सोडणं बरोबर नाही. चांगल्या ओव्हरमनला पाण्याची चाहूल कळते, पण नमुना कसा घ्यावा, खाणीत किती पाणी आलं, किती वापरलं आणि किती सोडलं याचा ताळेबंद कसा मांडावा, आणि चाळीस जणांच्या वर्गाला तो कसा समजवावा, ही वेगळी विद्या आहे. ती शिकवावी लागते.

त्या शिक्षणातला एक भाग खाणीबाहेर व्हायला हवा. सिल्लेवाडा कन्हान नदीकाठचं. ही कन्हान अंभोऱ्याला वैनगंगेला मिळते, तुमसरच्या बाजूचं पाणीही वैनगंगेतच उतरतं, आणि ते सगळं पवनी तालुक्यातल्या गोसीखुर्द धरणाकडे येतं. त्याच तालुक्यात कोंढा आहे, धान पिकवणारं गाव. कोंढ्यात खाण नाही, पण खाणींच्या बाजूचं पाणी याच तालुक्यात पोचतं. म्हणूनच प्रशिक्षकांनी इथे यावं. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा नदी-कालव्याचे आणि विहिरींचे नमुने घ्यावेत, शेतकऱ्यांसमोर तपासावेत आणि तेच आकडे परत नेऊन खाणीतल्या वर्गात फळ्यावर लिहावेत.