एका मासिकाची साक्ष

समलिंगी आकर्षण हे परदेशातून आलेले खूळ आहे, असे कोणी म्हणाले की त्याच्यापुढे ‘समाजस्वास्थ्य’चे जुने अंक ठेवावेत.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये मुंबईत हे मासिक काढले. संततिनियमनाचा प्रचार सोडायला तयार नसल्याने विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी त्यांनी १९२५ मध्येच गमावली होती. तरीही पदरमोड करून, जवळजवळ एकहाती, त्यांनी १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत अंक काढले.

मासिकाचा जीव होता वाचकांच्या प्रश्नोत्तरांत. घरात उच्चारायची सोय नाही, डॉक्टरपुढे तोंड उघडत नाही, अशा शंका लोक कर्व्यांना लिहून पाठवत. हस्तमैथुनाबद्दल विचारत, समलिंगी संबंधांबद्दलही विचारत. कर्वे पाप-पुण्याची भाषा न करता सरळ उत्तर देत. विचारणारे कोण होते, त्यांचे पुढे काय झाले, याचा आता माग लागत नाही. त्यांचा प्रश्न छापला गेला, म्हणून ते होते एवढे तरी आपल्याला कळते.

या उत्तरांपायीच १९३४ मध्ये कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. लैंगिक विषयावर लिहिले म्हणून ते अश्लील ठरत नाही, असे त्यांनी मांडले. समलिंगी संबंधांचा मुद्दा निघाला तेव्हा लैंगिकतेचे अभ्यासक हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधार देऊन ते म्हणाले, की ज्यांची ओढच तशी आहे त्यांना आपल्या परीने सुख मिळवण्याचा हक्क आहे. न्यायालयाला ते पटले नाही. दंड झाला २०० रुपये.

सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध ६ सप्टेंबर २०१८ रोजी गुन्ह्यातून वगळले, तोवर ८४ वर्षे उलटली होती.

अंक जपले गेले नसते, तर आंबेडकरांची ही बाजू किती जणांना कळली असती? डॉ. अनंत देशमुख यांनी कर्व्यांचे साहित्य चिकाटीने जमवून पुस्तकरूपाने आणले. अजित दळवींचे ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक अतुल पेठे यांनी २०१७ मध्ये रंगमंचावर आणले आणि कोर्टातला हा वाद नव्या प्रेक्षकांनी ऐकला. इकडे पुण्यात बिंदुमाधव खिरे यांच्या ‘समपथिक ट्रस्ट’ने २००२ पासून समलिंगी लोकांसाठीच्या मदतवाहिनीवर, कर्व्यांना लोक विचारत तसेच प्रश्न ऐकून घेतले. खिरे यांनी ‘इंद्रधनू’सारखी पुस्तके मराठीत लिहून ठेवली, हे मला विशेष मोलाचे वाटते.

समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला आणि तो निर्णय संसदेवर सोडला. तिथेही ‘हे आपले नव्हेच’ असे कोणीतरी म्हणेल, तेव्हा हे पिवळे पडलेले अंक हाताशी असायला हवेत.