'सॅलिस्बरी' जहाजावरील वैद्य

अठराव्या शतकातील ब्रिटिश युद्धनौकेवर वैद्याचे कामाचे ठिकाण जहाजाच्या पोटात असे. त्या कोंदट, अंधाऱ्या जागेत दिवसाही दिव्यावाचून काम चालत नसे. लढाई जुंपली म्हणजे जखमी खलाशांना तेथेच उतरवीत. परंतु लढाईचे दिवस थोडे. रोगराईशी झगडा मात्र नित्याचा. वैद्याने रुग्णांना दिवसातून निदान दोनदा पाहावे, त्यांची स्थिती कप्तानास रोज कळवावी व आपल्या उपचारांची रोजनिशी ठेवावी, असा आरमाराचा दंडक होता. डोळसपणे पाळलेल्या अशा दिनक्रमातून केवढे ज्ञान हाती येते, हे जेम्स लिंडच्या उदाहरणावरून दिसेल.

एडिंबरोचा लिंड १७३९ साली साहाय्यक म्हणून आरमारात शिरला आणि पुढे 'सॅलिस्बरी' या युद्धनौकेचा शल्यवैद्य झाला. लांबच्या सफरीत खलाशांना ग्रासणारा भयंकर रोग म्हणजे स्कर्व्ही. हिरड्या सुजून रक्त वाहू लागे, दात हलत, पायांतील बळ सरे आणि भरून आलेल्या जुन्या जखमाही पुन्हा उघडत. अ‍ॅन्सनच्या १७४०–४४ च्या सफरीत सुमारे १९०० माणसांपैकी १३०० हून अधिक दगावली. त्यांतील बहुतेकांचा बळी रोगांनी, विशेषतः स्कर्व्हीने घेतला.

२० मे १७४७ रोजी लिंडने या रोगाचे बारा रुग्ण निवडले. त्यांची लक्षणे शक्य तितकी सारखी होती. सर्वांना त्याने एकाच जागी ठेवले व एकच अन्न दिले. मग दोघादोघांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीस निराळा उपचार दिला. एका जोडीस सफरचंदाचे मद्य, दुसरीस सौम्य गंधकाम्लाचे थेंब, तिसरीस शिरका, चौथीस समुद्राचे पाणी, पाचवीस रोज दोन संत्री व एक लिंबू आणि सहावीस लसूण, मोहरी इत्यादींचे जायफळाएवढे चाटण. बाकी सर्व समान असल्यामुळे, गुण पडलाच तर तो कशाचा, हे कळणार होते.

फळे सहा दिवसांतच संपली. तेवढ्या अवधीत ती खाणाऱ्यांपैकी एकजण कामावर रुजू होण्याइतका बरा झाला. दुसऱ्यास इतर रुग्णांच्या शुश्रूषेस नेमण्यात आले. सफरचंदाच्या मद्याने किंचित गुण आला; इतरांत म्हणण्यासारखी सुधारणा दिसली नाही.

लिंडचा ग्रंथ १७५३ साली निघाला. तरीही आरमाराने लिंबाचा रस सर्रास देण्यास १७९५ साल उजाडले! विलंबाची कारणे अनेक होती. त्यांतील एक लिंडच्याच सल्ल्यात होते. फळे जहाजावर टिकत नाहीत, म्हणून त्याने रस आटवून ठेवण्याची कृती सुचविली. पण उष्णतेने रसातील गुणकारी द्रव्य बरेचसे नष्ट होते. 'सॅलिस्बरी'वर परीक्षा झाली ती ताज्या फळांची; आटवलेल्या रसाची नव्हे. पुढे १७९४ साली 'सफोक' हे जहाज हिंदुस्थानच्या २३ आठवड्यांच्या सफरीवर निघाले, तेव्हा खलाशांना रोज लिंबाचा रस दिल्याने स्कर्व्ही आटोक्यात राहिली.

ते गुणकारी द्रव्य म्हणजे 'क' जीवनसत्त्व. त्याची ओळख १९३२ च्या सुमारास पटली. त्याच्या अभावी शरीरातील पेशीजालांना सांधणारे कोलॅजेन नीट तयार होत नाही. म्हणूनच हिरड्या व जखमा फुटतात. लिंडला यातील काहीच ठाऊक नव्हते. रोगाचे मूळ अज्ञात असतानाही, समान परिस्थितीत तुलना केली तर योग्य उपाय ओळखता येतो, हे त्याने दाखविले. उपायाचे रूप बदलले की परीक्षाही पुन्हा घ्यावी लागते, हा धडा मात्र खलाशांच्या प्राणांचे मोल देऊन शिकावा लागला.